बाटली घरी न्या, वॉर्डात नको

वाचकाचे पत्र

“मी नाशिकमधील एका खासगी रुग्णालयात नऊ वर्षांपासून स्टाफ नर्स आहे. वय चौतीस, राहणे सिडकोत. महिन्यात दहा-बारा नाईट असतात आणि कोणी रजेवर गेले की सलग दोन ड्युट्या कराव्या लागतात. मेल मेडिकल वॉर्डात रात्री अठरा पेशंट असतात आणि त्यांच्यासाठी मी व एक एएनएम (सहायक परिचारिका) अशा दोघीच. यंदा परिचारिका दिनाला प्रशासनाने आम्हा सर्वांना अरोमाथेरपीचे किट दिले. त्यात लव्हेंडर, निलगिरी आणि लेमनग्रास अशी तीन तेले आहेत, शिवाय ‘हजारो वर्षांची उपचारपद्धती, थकव्यापासून मुक्ती’ असे छापलेले पत्रक आहे. आता नर्सिंग स्टेशनवर डिफ्यूझर, म्हणजे तेलाचा वास हवेत पसरवणारे यंत्र, बसवायचा विचार चालू आहे. माझ्या एका मैत्रिणीचे त्या वासाने डोके दुखते. मला लव्हेंडर आवडते, पण बाटली उघडली की राग येतो. आम्ही मागितली होती माणसे, मिळाली बाटली. घरी सासूबाईंना दमा आहे, मुलगी सहा वर्षांची आहे. या तेलांनी खरेच थकवा जातो का? हल्ली मला दोन जिने चढले तरी धाप लागते आणि पाळीतही फार जाते. वयाचा परिणाम म्हणून सोडून देते. — एक सिस्टर, सिडको”

प्रिय सिस्टर,

‘मागितली होती माणसे, मिळाली बाटली’ हे तुमचे वाक्य माझ्या मनातून जात नाही. मी एकतीस वर्षे रुग्णालयांत काम केले, त्यातली शेवटची सात अधिसेविका (मेट्रन) म्हणून, आणि त्या सात वर्षांत रिकाम्या जागा भरून मिळत नसल्याने कित्येकदा मला माझ्या हाताखालच्या सिस्टरांना गोड शब्दांवर भागवावे लागले, याची बोच मला अजून आहे. म्हणून पहिल्यांदा हेच सांगते की तुमचा राग रास्त आहे. परंतु त्या रागापायी, थोडीशी का होईना उपयोगी पडणारी वस्तू टाकून देऊ नका. ती कुठे वापरायची आणि कुठे अजिबात वापरायची नाही, एवढे मात्र नीट ठरवावे लागेल.

सुगंधी तेलाच्या वासाने मनावरचा ताण काही काळ हलका होऊ शकतो. थकवा त्याने जात नाही. हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो, पण वॉर्डात काम करणाऱ्या बाईने तरी त्यांची गल्लत करू नये. ताण म्हणजे शरीर आणि मन सतत कंबर कसून उभे असणे. थकवा म्हणजे झोप, अन्न आणि रक्त यांचा साठा तळाला जाणे. कसलेली कंबर वासाने थोडी सैल होते, पण तळाला गेलेला साठा वासाने भरत नाही, आणि पत्रकावर ‘थकव्यापासून मुक्ती’ असे छापणाऱ्याने हा फरक लक्षातच घेतलेला नाही.

वासाचे काम कसे चालते हे समजून घेतले, तर पुढचे सगळे सोपे होईल. तेलाचे रेणू हवेतून नाकाच्या छताशी असलेल्या गंधपेशींपर्यंत जातात, तिथून संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या गंधकंदात पोचतो आणि तिथून फार थोड्या टप्प्यांत अमिग्डाला व हिप्पोकॅम्पस या, भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांत. डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले आधी मेंदूतल्याच थॅलॅमस या भागाच्या नाक्यावरून पुढे जाते; वासाला वाटेत तो नाका लागत नाही. सुट्टीच्या दिवशी बाजारातून चालताना कुठून तरी स्पिरिटचा वास आला, तर आपल्या खांद्यांत ड्युटीचा ताठरपणा येतो की नाही? तो विचार करून येत नाही. वास आधी पोचतो, आपण मागाहून.

लव्हेंडरच्या तेलात लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट हे मुख्य घटक असतात, आणि प्रयोगशाळेतील उंदरांवर लिनालूलच्या वासाचा शामक परिणाम दिसलेला आहे, ही गोष्ट खरी. तरीही माणसाच्या बाबतीत मला त्याहून मोठी वाटते ती सवयीने जुळणारी सांगड. एखादा वास तुम्ही रोज फक्त विसाव्याच्या वेळी घेतलात, तर काही आठवड्यांनी तो वासच विसाव्याची खूण होऊन बसतो आणि डबी उघडताच श्वास आपोआप संथ होऊ लागतो. तोच वास नर्सिंग स्टेशनवर, मॉनिटरच्या आवाजात, चौदा नंबरच्या खाटेवरच्या पेशंटच्या नातेवाइकांच्या आरडाओरड्यात आणि संपत आलेल्या सलाईनच्या धावपळीत घेतलात, तर तो त्या धावपळीची खूण होईल. मग घरी लव्हेंडर उघडले की तुम्हाला चौदा नंबर आठवेल. तुमची आवडती गोष्ट अशी वाया जाऊ नये, म्हणून मी ती वॉर्डात नको म्हणते. आणखी कारणे आहेत, तीही सांगते.

परंतु आधी अभ्यासांविषयी, कारण प्रशासन तुम्हाला ‘हे शास्त्रीय आहे’ असे सांगेल. इराण, तुर्कस्तान, तैवान अशा देशांत परिचारिकांवरच असे प्रयोग झाले आहेत. तैवानमधील २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही परिचारिकांच्या गणवेशावर छातीपाशी लव्हेंडरच्या तेलाची छोटी बाटली टाचली आणि इतरांच्या गणवेशावर लव्हेंडर नसलेली. लव्हेंडरवाल्या गटात ताणाची लक्षणे तीन-चार दिवस कमी राहिल्याचे आढळले. असे निष्कर्ष इतरत्रही आले आहेत आणि ते मी मोडीत काढत नाही. मात्र यांतले बहुतेक प्रयोग थोड्या जणींवर आणि थोड्या दिवसांपुरते झालेले आहेत. शिवाय गोळीच्या चाचणीत खरी गोळी कोणाला मिळाली हे लपवता येते, तसे सुगंधाच्या चाचणीत येत नाही. बाटलीला वास आहे की नाही हे घेणारीला लगेच कळते, आणि ‘आता बरे वाटणार’ या अपेक्षेचाही परिणाम त्यात मिसळतो. तेव्हा या अभ्यासांवरून एवढेच म्हणता येते की काही जणींना काही काळ हलके वाटते. रिकाम्या जागांना तो पर्याय आहे, असे त्यांवरून कोणालाही म्हणता येणार नाही.

‘हजारो वर्षांची उपचारपद्धती’ या छापील वाक्याबद्दलही दोन शब्द. ‘अरोमाथेरपी’ हा शब्द गेल्या शतकातला आहे. रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९३७ साली तो आपल्या पुस्तकाच्या नावात वापरला आणि तिथून तो रूढ झाला. आपल्याकडे वाळा, चंदन, केवडा, अत्तराचा फाया हे सारे फार जुने आहे, पण त्यांची जागा मुख्यतः माठाच्या पाण्यात, देवघरात, लग्नाच्या मांडवात होती. त्यांचे मोल त्यामुळे कमी होत नाही. फक्त दमलेल्या माणसाला कामावर पुन्हा उभे करण्याचे साधन अशी त्यांची ओळख नव्हती.

आता वॉर्डाविषयी. माझ्या नोकरीच्या सहाव्या-सातव्या वर्षी एका रात्री अकराच्या सुमारास पन्नाशीचा एक माणूस दाखल झाला. आणणाऱ्यांनी सांगितले, दारू पिऊन पडला आहे, झोपला की शुद्धीवर येईल. कॅज्युअल्टीत गर्दी होती, त्याला तसाच वॉर्डात पाठवला. मी त्याची उशी सरळ करायला वाकले आणि त्याचा श्वास माझ्या तोंडावर आला. तो दारूचा वास नव्हता. जास्त पिकून सडू लागलेल्या फळासारखा, गोडसर, नाकात चढणारा वास होता, आणि श्वास खोल खोल चालला होता. मी ग्लुकोमीटर काढला; पट्टीवर रक्ताचा थेंब टेकवला, तर आकडा यायच्या ऐवजी ‘HI’ ही अक्षरे उमटली, म्हणजे साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे गेलेली. तो गोडसर वास त्या वाढलेल्या साखरेच्या आजाराचा होता. डॉक्टरांना उठवले, इन्शुलिन आणि सलाईन सुरू झाले, आणि तो माणूस नवव्या दिवशी चालत घरी गेला. त्या रात्री हवेत लव्हेंडर दरवळत असते तर तो वास मला आला असता का, हे मला माहीत नाही, आणि ते न कळणे मला परवडणारे नव्हते.

सिस्टर, आपले नाक हे वॉर्डातले उपकरण आहे. त्याची नोंद स्टॉक रजिस्टरात नसते एवढेच. ड्रेसिंग सोडताना येणारा गोडूस वास आणि पट्टीवरचा हिरवट डाग पाहून जंतूंच्या तपासणीसाठी कल्चर पाठवायला हवे हे आपल्याला कळते. मेलिनाचा, म्हणजे पोटातल्या रक्तस्रावाने होणाऱ्या काळ्या शौचाचा, वास एकदा अनुभवलेली नर्स बेडपॅन उघडण्याआधीच बीपी कफ हातात घेते. जळक्या वायरीचा वास सर्वांत आधी रात्रीच्या सिस्टरला येतो, कारण त्या वेळी जागी तीच असते. अशा ठिकाणी चोवीस तास सुगंध सोडणे म्हणजे स्वतःच्या हाताने उपकरणावर कापड टाकणे आहे.

पेशंटचा विचार केला तर कारणे आणखी भक्कम होतात. मेल मेडिकल वॉर्डात दम्याचे आणि सीओपीडीचे (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचे) रुग्ण नेहमीच असतात, आणि तीव्र वासाने श्वासनलिका आवळू शकते. केमोथेरपी चालू असलेल्याला, ऑपरेशननंतर मळमळणाऱ्याला एरवी चांगला वाटणारा वासही नकोसा होतो. तुमची मैत्रीण डोके दुखले तर बाहेर व्हरांड्यात जाऊ शकते. खाटेवरच्या माणसाला तेवढेही करता येत नाही. तिच्या डोकेदुखीकडेही ‘सवय होईल’ म्हणून दुर्लक्ष करू नका, तीव्र वासाने मायग्रेन उठणे ही नेहमीची गोष्ट आहे. ऑक्सिजनचे तर आपण पहिल्या वर्षातच शिकतो, की रेग्युलेटरला आणि सिलिंडरला तेलकट हात लावायचा नाही. हातांना तेल चोळून वॉर्डात फिरणाऱ्यांना हे विसरून चालणार नाही. तेलाने लेटेक्सचे हातमोजेही कमजोर होतात. एवढे सगळे लक्षात घेतल्यावर नर्सिंग स्टेशनवरच्या डिफ्यूझरला माझा विरोध आहे आणि तुम्हीही तो लेखी नोंदवावा असे मला वाटते.

घरी मात्र लव्हेंडर जरूर वापरा. कसे, ते तुमच्या घरच्या परिस्थितीत बसवून सांगते.

ड्युटीवरून आल्यावर सर्वप्रथम गणवेश उतरवून बादलीत टाका, हात-तोंड धुवा, शक्य असेल तर अंघोळ करा, आणि काहीतरी खा. रिकाम्या पोटी झोपू नका. मग घट्ट झाकणाच्या एका छोट्या काचेच्या डबीत कापसाचा बोळा ठेवा, त्यावर लव्हेंडरचे दोन थेंब टाका, आणि रोज एकाच ठिकाणी, खिडकीपाशी म्हणा किंवा खाटेच्या कडेला, दहा मिनिटे बसा. डबी नाकाला लावायची गरज नाही, हातभर अंतरावर ठेवा. श्वास घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. खरे सांगायचे तर बरे वाटण्यातला मोठा वाटा या संथ श्वासाचा असतो, पण वास असला की श्वास संथ घ्यायची आठवण राहते. दहा मिनिटांनी झाकण लावा. याहून जास्त वेळ लावून काही मिळत नाही, कारण नाक थोड्याच वेळात त्या वासाला सरावते, तो जाणवेनासा होतो, आणि आपण ‘वास गेला’ म्हणून थेंब वाढवत बसतो. डबीचा दुसरा फायदा सासूबाईंसाठी आहे. डिफ्यूझरचा वास बंद फ्लॅटमध्ये सगळ्या खोल्यांत पसरतो. डबीचा तुमच्यापुरता राहतो. तरीही त्यांना खोकला किंवा छातीत घरघर जाणवली, तर त्या दिवसापासून तेल बंद.

लव्हेंडरच हवे असेही नाही. ते आपल्याकडचे नव्हे. आता जम्मूच्या डोडा जिल्ह्यात, भदरवाहच्या परिसरात त्याची शेती होते, म्हणजे अगदी परकेही राहिलेले नाही. पण मनाला जो वास लहानपणापासून शांत करतो त्याच्याशी सांगड लवकर जुळते. नाशिकला मोगलाईत गुलशनाबाद म्हणत, आणि आजही सकाळी फुलबाजारातून गेलात तर त्या नावाचा अर्थ कळतो. ओंजळभर मोगरा उशाशी ठेवला तरी चालतो. उन्हाळ्यात वाळ्याची एक जुडी आणा, पाण्याचा हबका मारून खिडकीत टांगा. खर्च नाममात्र आणि वास मातीसारखा, न टोचणारा. फक्त फुलांनी किंवा वाळ्यानेही सासूबाईंना त्रास होत नाही ना, हे एकदा पाहून घ्या. माझ्यापुरते सांगायचे तर माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात वर्षानुवर्षे एका जुन्या रुमालाच्या पुरचुंडीत बकुळीची सुकलेली फुले असत. बकुळ वाळली तरी तिचा वास जात नाही. नाईट संपवून, पुढच्या सिस्टरला ओव्हर देऊन, बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली की मी ती पुरचुंडी काढत असे. आयुष्यात कधीही मी ती ड्युटीवर उघडली नाही, आणि आज निवृत्तीनंतरही तो वास आला की मला घरी निघाल्यासारखे वाटते.

किटमधल्या निलगिरीच्या बाटलीबद्दल मात्र काळजीने लिहिते. ती बाटली सहा वर्षांच्या मुलीच्या घरात उघड्यावर ठेवू नका. चमचाभर तेल पोटात गेले तरी लहान मुलाला गुंगी येऊ शकते, झटके येऊ शकतात, आणि त्या बाटलीला खोकल्याच्या औषधासारखा वास येत असल्याने मुलांना ती औषधच वाटते. दम्याच्या माणसाला निलगिरीचा वास त्रासदायक ठरू शकतो, आणि घरात कोणाला फिट्स येत असतील तर निलगिरी आणि कापूर दोन्ही दूर ठेवावेत. माझे मत विचाराल तर ती बाटली परत करा. लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा. त्याचा वास चांगला असतो, पण तेल त्वचेला झोंबते. पानांचा चहा प्या, तेल बाजूला ठेवा. कोणतेही सुगंधी तेल पोटात घ्यायचे नाही, मग बाटलीवर ते कितीही ‘शुद्ध’ असल्याचे लिहिलेले असो.

मान आणि खांदे चोळायला लव्हेंडर वापरायचे असेल तर ते थेट त्वचेवर लावू नका. तीस मिलिलिटर साध्या तेलात सहा थेंब पुरतात, म्हणजे साधारण एक टक्का. खोबरेल तेल नाशिकच्या थंडीत गोठते, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत तिळाचे तेल सोयीचे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक दिवस वाट पाहा. बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवा, कारण हवा लागून लव्हेंडरमधील लिनालूलचे ऑक्सिडीकरण होते आणि असे जुने तेल त्वचेला अ‍ॅलर्जी करते. झाकण घट्ट, जागा अंधारी, बाटली गडद काचेची. विकत घेताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव छापलेले आहे का ते पाहा, लव्हेंडरसाठी ते लव्हांडुला अँगस्टिफोलिया असे असते. नुसते ‘फ्रेग्रन्स ऑइल’ लिहिले असेल तर तो कृत्रिम सुगंध समजावा. एक किलो गुलाबतेलाला तीन ते पाच टन पाकळ्या लागतात, त्यामुळे दीडशे रुपयांच्या बाटलीत गुलाबाचे खरे तेल असणे शक्य नाही. कधी दिवस राहिले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यांतले काहीच वापरू नका.

आता थकव्याकडे वळते, कारण तुमचे पत्र वाचून मला लव्हेंडरपेक्षा त्याचीच जास्त चिंता वाटली.

सलग दोन ड्युट्या करून तुम्ही सकाळी गाडीवरून घरी येता का, हे पत्रात लिहिलेले नाही. पण बहुतेक जणी येतात म्हणून सांगते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले की सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाची हाता-डोळ्यांची चपळाई, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते. आपल्या मोटार वाहन कायद्यातील मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. याचा अर्थ असा की डबल ड्युटी केलेली सिस्टर, थेंबभर दारू न पिता, कायद्याने गाडी चालवायला अपात्र ठरणाऱ्या माणसाच्याही पलीकडच्या अवस्थेत सकाळी अंबड-सातपूरच्या वर्दळीत स्कूटर घालते. अशा सकाळी गाडी रुग्णालयातच ठेवा, सिटीलिंकच्या बसने किंवा रिक्षाने या, नाहीतर घरच्यांना न्यायला बोलवा. तेही जमत नसेल तर निघण्याआधी चेंजिंग रूममध्ये वीस मिनिटे गजर लावून डोळे मिटा. आणि गाडी चालवायची असेल तेव्हा निघण्यापूर्वी लव्हेंडर हुंगू नका; सैलावायचे ते घरी पोचल्यावर.

नाईटला पहाटे तीननंतर चहा-कॉफी टाळा, घरी येताना शक्य असल्यास काळा चष्मा लावा आणि झोपण्याच्या खोलीत जाड पडदा ओढा. सकाळचे ऊन डोळ्यांवर पडले की शरीराला दिवस सुरू झाल्याचा निरोप मिळतो आणि झोप उडते. दारावर पाटी लावा, घरात सांगून ठेवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. दुपारी तीनपर्यंतची झोप हा आळस नसून तुमची रात्र आहे, हे सासूबाईंनाही एकदा निवांत बसून समजावून सांगा. दम्यामुळे त्यांच्याही रात्री जागरणात जात असतील, त्यांना ते इतरांपेक्षा लवकर पटेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या ‘बर्नआउट’ची तीन लक्षणे नोंदवली आहेत: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मन तुटणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे. तुमच्या पत्रात मला पहिले दिसते. दुसरे अजून दिसत नाही, कारण पेशंटविषयी तुम्ही एकही कडू शब्द लिहिलेला नाही. पण उद्या पेशंटची बेल वाजल्यावर काहीच वाटेनासे झाले, कारण नसताना रडू येऊ लागले किंवा जगणे नकोसे वाटले, तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. नर्स आहे म्हणजे आपले आपण सांभाळायचे, असा काही नियम नाही.

प्रशासनाला अर्ज लिहाच, आणि भांडणाच्या सुरात लिहू नका. किटबद्दल आभार माना. मग एक महिना छोट्या वहीत रोज रात्री पेशंट किती आणि स्टाफ किती एवढेच टिपून, ते आकडे अर्जासोबत जोडा. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सर्वसाधारण रुग्णालयासाठी पाच रुग्णांमागे एक परिचारिका आणि शिकाऊ रुग्णालयासाठी तीन रुग्णांमागे एक असे आहे. तुमच्या अठरा पेशंटशेजारी तो आकडा ठेवला की वेगळे काही बोलावे लागत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या रजा, कामाचे तास, वाहतूक या सोयी सरकारी परिचारिकांच्या बरोबरीच्या असाव्यात अशी शिफारस केली होती, तिचाही उल्लेख करा. मागण्या थोड्या आणि नेमक्या ठेवा. डिफ्यूझर स्टेशनवर नको. त्या खर्चात चेंजिंग रूममध्ये एक खाट आणि पडदा द्या. एका महिन्यात एकीला एकापेक्षा जास्त डबल ड्युटी देऊ नका. रात्री किमान वीस मिनिटांची सुट्टी आळीपाळीने मिळेल अशी तिसरी व्यक्ती द्या. अर्जावर वॉर्डातल्या सर्व जणींच्या सह्या घ्या, तुमची पहिली नको, मधली असू द्या. अधिसेविकाबाईंना अर्ज देण्याआधी भेटून दाखवा. मी त्या खुर्चीत बसले आहे म्हणून सांगते, वरच्या मजल्यावर बोलायला त्यांनाही असा कागद हातात हवाच असतो. २०२७ च्या सिंहस्थात शहरातल्या प्रत्येक रुग्णालयावर भार वाढणार आहे, आणि तेव्हा मागणी केली तर ‘आता वेळ नाही’ असेच उत्तर मिळेल. अर्ज आत्ताच जाऊ द्या.

शेवटी तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल. दोन जिन्यांत धाप आणि पाळीत जास्त रक्तस्राव, या दोन गोष्टी एखाद्या पेशंटने तुम्हाला सांगितल्या असत्या तर तुम्ही तिला ‘वय झाले’ म्हणाला असतात का? चौतीस हे वय नव्हे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत आपल्या देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या सत्तावन्न टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, आणि त्यांत दुसऱ्यांचे हिमोग्लोबिन रोज वहीत उतरवणाऱ्या पण स्वतःचे कधी न तपासणाऱ्या आपल्यासारख्या बऱ्याच जणी असणार. तुमच्या वयात, गरोदर नसताना, हिमोग्लोबिन बारा ग्रॅमच्या खाली गेले की तो रक्तक्षय. या आठवड्यातच सीबीसी (रक्तातील पेशी व हिमोग्लोबिनची तपासणी), थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या. रक्त द्यायला नाईट संपवून खाली लॅबमध्ये जायला पाच मिनिटे लागतात. रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, तोवर मनाने लोहाच्या गोळ्या सुरू करून कारण झाकू नका. रिपोर्ट हातात आला की हिमोग्लोबिनचा आकडा मला कळवा.